कट्यारीवरचं नाव

राधाकृष्ण मास्तरांनी गाठोडं मेहताबच्या ओट्यावर ठेवलं आणि धोतराच्या सोग्यानं मान पुसली. मे महिन्याचं ऊन रस्त्यावर थरथरत होतं.

"पाटलांच्या आईसाहेबांनी अख्खी पेटीच रिकामी करून दिली बघा. काकासाहेब नगरला गेलेत, लोकल बोर्डाच्या खटपटीत. रविवारी प्रदर्शन आहे. तेवढं सगळं लखलखीत करून द्या."

"कसलं परदर्शन म्हनायचं, मास्तर?"

"आपल्या गावच्या इतिहासाचं. घरोघरच्या जुन्या वस्तू शाळेत मांडायच्या. सुट्टीत पोरं रिकामी, माणसं रिकामी. बघतील तरी."

मेहताबनं गाठ सोडली. दोन तलवारी, फुटकी ढाल, भाल्याचं पातं. आणि तळाशी, तेलकट फडक्यात, कट्यार. चांदीची मूठ. पात्यावर सोन्याच्या तारेनं बसवलेलं पाटलांच्या घराण्याचं नाव.

तिचा हात तिथंच थांबला.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं. ते गेल्याच वर्षी बदलून आले होते. त्यांना काही ठाऊक नव्हतं.

"काय न्हाई. गंज लई हाय," मेहताब म्हणाली.

सोनईपासून कोसभरावरच्या या गावात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगाराचं घर एकच. बारा-तेरा वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आधी पाटलांनी हत्यारं धारेला दिली होती. मेहताबच्या नवऱ्यानं, जैनुद्दीननं, ती घासूनपुसून स्वतः नेऊन दिली. चार दिवसांनी बोभाटा झाला, कट्यार नाही. जैनुद्दीनला चावडीत नेलं. तो शपथा घेत राहिला. काकासाहेब पाटील तेव्हा तरणेबांड होते. त्यांनी जैनुद्दीनचा उजवा हात उखळावर धरायला लावला आणि स्वतः मुसळ उचललं. सगळं गाव उभं होतं. जैनुद्दीनचा सख्खा भाऊ बाबाजानही उभा होता. कुणी ब्र काढला नाही.

त्यानंतर साणेवर, धारेच्या चाकावर, पातं धरायचं काम मेहताबकडं आलं. जैनुद्दीन मनगटाला वादी गुंडाळून चाक ओढायचा आणि ती विळे, अडकित्ते, वस्तरे धरायची. लोक धार लावून घ्यायचे, पण जैनुद्दीनला उंबऱ्याच्या आत घेत नसत. कुणाची घागर हरवली तरी आधी त्याच्या घराकडं बघत. गेल्याच्या गेल्या थंडीत तो तापानं गेला. त्याच्या जनाज्याला खांदा द्यायला गावातली चार माणसं जमली नाहीत. नेवाशाहून तिचे भाऊ आले तेव्हा कुठं माती झाली.

संध्याकाळी बाबाजान साण ओढायला आला. कट्यार पाहून त्यानं दार लोटून घेतलं.

"भाभी, जाऊ दे. गुपचूप देऊन टाक. गेलेला मानूस परत येतो व्हय?"

"तो न्हाई येत," मेहताब म्हणाली. "पन ज्यानं मुसळ मारलं, तो तर हाय ना जित्ता."

तिनं तलवारी आरशासारख्या केल्या. ढालीच्या फुल्यांत बोट घालून घालून मळ काढला. शनिवारी सगळं मास्तरांकडं पोचतं केलं. कट्यार मात्र ठेवून घेतली.

रविवारी शाळेत माणूस मावत नव्हता. व्हरांड्यात टेबलं लावली होती. कुणाचं पानदान, कुणाची दगडी दिवटी, मिशनातल्या याकोबच्या घरचं जाडजूड बायबल, आणि मधोमध पाटलांची हत्यारं. नगरहून आलेले पाहुणे खुर्च्यांवर बसले होते. काकासाहेब पांढऱ्या टोपीत, हसतमुख, एकेक तलवार दाखवत होते. शेजारी त्यांच्या आईसाहेब. दिसायला कमी झालेलं, पण हौस दांडगी.

मेहताब आणि बाबाजान हातगाड्यावर साण घेऊन अंगणात आले.

"मास्तर, एक वस्तू ऱ्हायलीय," ती म्हणाली आणि फडकं उलगडलं.

मास्तर खूश झाले. त्यांनी कट्यार घेऊन पात्यावरचं नाव पाहुण्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. काकासाहेबांचं हसू होतं तिथंच वाळलं. आईसाहेबांनी हात पुढं करून मूठ चाचपली.

"अगं बया! ही तर बळदातली! जवारीत पडली व्हती. त्या दसऱ्याच्या मागनं सापडली की रे, काका. तूच म्हनलास, पेटीत टाक, कुनाला दावू नगंस."

पंख्यानं वारा घेणाऱ्या एका पाहुण्याचा हात थांबला.

मेहताबनं मास्तरांच्या हातून कट्यार परत घेतली आणि साणेपाशी बसली. बाबाजाननं वादी हातात घेतली होती.

"तुमी सोडा," ती दिराला म्हणाली. मग मान वर करून, "पाटील, वादी वढा."

"मेहताब, आत चल. आपण बोलू. तुला काय पाहिजे ते..."

"मला धार लावायचीय. वढनारा हात तुमी मोडलात. आता तुमीच वढा."

काकासाहेबांनी पाहुण्यांकडं पाहिलं. ते दुसरीकडं बघत होते. मग गर्दीकडं, मग तिच्या हातातल्या कट्यारीकडं. मागून कुणीतरी म्हणालं, "वढा की, पाटील." आणखी दोघं-तिघं म्हणाले.

काकासाहेब धुळीत बसले. चाक फिरू लागलं. मेहताबनं धारेची बाजू लावलीच नाही. पातं आडवं केलं आणि नाव चाकावर टेकवलं. सोन्याची तार आधी चमकली, मग फिकी पडली, मग उडाली. अक्षरामागून अक्षर जात होतं. ती घाई करत नव्हती. काकासाहेबांची टोपी पडली. कुणी उचलून दिली नाही. घाम डोळ्यांत गेला तसे ते थांबले.

"थांबायचं न्हाई. आडनाव ऱ्हायलंय," ती म्हणाली.

ते पुन्हा ओढू लागले.

पातं कोरं झालं तेव्हा तिनं ते पदरानं पुसलं आणि व्हरांडा चढून टेबलावर तलवारींच्या मधोमध ठेवलं. मास्तरांच्या हातात कोरी चिठ्ठी होती. "काय लिहू?" त्यांनी हळूच विचारलं.

"लिवा, जैनुद्दीन शिकलगाराची कट्यार. चोरीची सजा त्यानं भोगली. मग माल त्याचाच."

मास्तरांनी लिहिलं. आईसाहेब विचारत होत्या, "काय झालं रे? सगळी गप का?"

फाटकापाशी मशिदीचा नूरुद्दीन आडवा आला. "भाभी, आमी समदे कबरीवर फातिहा पढायला येतो. आजच येतो."

"खांदा द्यायला आला न्हाईत. आता येऊ नका," ती म्हणाली. बाबाजाननं मान खाली घातली.

घरी येऊन ती माठातलं पाणी प्यायली. वाटलं होतं, छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही. नुसतं अंग दुखत होतं. ती जमिनीवरच आडवी झाली.

उतरत्या उन्हात तीन-चार बाया विळे घेऊन आल्या. दार सताड उघडं होतं. मेहताब हाताची उशी करून गाढ झोपली होती. भरदिवसा तिला झोपलेलं कुणीच पाहिलं नव्हतं.

एकीनं हाक मारायला तोंड उघडलं. दुसरीनं तिचा दंड धरला.

"निजू दे तिला," ती म्हणाली, आणि त्या ओट्याखाली, सावलीला, विळे मांडीवर घेऊन बसून राहिल्या.