कवळी बसवताना

“पाळकसाहेब, परत एकदा म्हणा. अजून शिट्टी वाजतेय.”

“वाजू दे. देव काही मला गाडीचा गार्ड समजायचा नाही!” खुर्चीतले म्हातारे पाळक हसले, तसे मेणावर बसवलेले नवे दात तोंडात डुगडुगले.

कवळीवाला हसला नाही. स्पिरिटच्या दिव्यावर त्यानं पातं तापवलं आणि पुढच्या दातामागचं मेण केसभर सरकवलं. लहानपणी त्याला बाप्तिस्मा दिला होता तो याच म्हाताऱ्यांनी.

“पूर्वी गात गात काम करायचास,” ते म्हणाले. “रस्त्यानं जाणारा थबकायचा. कुठं गेला रे तो आनंद?”

“मी चर्चमध्ये असतो की दर रविवारी.”

“असतोस. बाकंही असतात तिथं.”

हे मात्र वर्मी लागलं. उभा जन्म लोकांची तोंडं ऐकण्यात गेला होता. प्रार्थना सुरू झाली, की कुणाची कवळी सैल, कुणाची जाड, एवढंच त्याच्या कानांत शिरायचं. शब्द उंबऱ्यावरून माघारी जायचे. “आज काय सांगितलं उपदेशात?” बायको विचारायची. “खजिनदारांची खालची कवळी सुटलीय,” तो सांगायचा, आणि ती कपाळाला हात लावायची.

“साहेब, आत काही हलतच नाही,” तो एकदाचा बोलला. “डोळे मिटतो, हात जोडतो, आणि रिकाम्या घरात हाक मारल्यासारखं होतं. पूर्वीचं ते मला परत हवंय हो.”

म्हाताऱ्यांनी त्याचं मनगट धरलं. “दात पारखायला मला काहीतरी बोलायचंच आहे ना? मग प्रार्थनाच म्हणतो. बसव दात.”

त्यांनी डोळे मिटले. कवळीवाला कान देऊन वाकला.

“थांबा. ‘श’ जड येतोय.” पातं, मेण, दात. “परत.”

म्हाताऱ्यांनी कुरकुर न करता पहिल्यापासून सुरुवात केली. मध्येच त्यांचा आवाज ओला झाला. नव्या कवळीनं तोंडाला पाणी सुटतंच, त्याला वाटलं. “परत.” पुन्हा सगळं पहिल्यापासून. “हां! आता कसं साफ आलं.”

“ऐकलंस?”

“ऐकलं की. एकही शिट्टी नाही.”

त्यांनी त्याच्या गालावर थोपटलं आणि काठी टेकत ते निघून गेले.

कवळी पक्की होत आली, पण ती घालणारे राहिले नाहीत. दूरच्या गावी दिलेली त्यांची लेक दुकानात आली, प्रवासाची बॅग हातात तशीच.

“दादा, बाबांची कवळी झाली असेल तर द्या. बोळक्या तोंडानं त्यांना मातीत ठेवायचं जिवावर येतं.”

“पॉलिश राहिलंय, ताई. बसा.”

यंत्र घुमू लागलं. ती सांगू लागली, “त्या दिवशी फोनवर बाबा किती खुशीत होते! म्हणाले, ‘पोरासाठी प्रार्थना केली, तर थांबवून थांबवून परत म्हणायला लावली त्यानं. इतक्या भुकेनं ऐकणारा माणूस जन्मात पाहिला नाही.’”

त्याचा हात थबकला.

“काय हो म्हणाले होते? मी विचारलं, तर म्हणाले, ‘ते त्याचं त्याच्यापाशी.’”

त्यानं मन खणून पाहिलं. एकेक ‘स’, एकेक ‘श’ लख्ख कानात होता. टरफलं सगळी जपलेली, दाणा एकही नाही.

“ताई, मी… मी दातच ऐकत होतो.”

तिला हसू आणि रडू एकदमच आलं. “बाबांना सांगितलं असतं, तर पोट धरून हसले असते.”

त्यानं यंत्र बंद केलं. स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला. “बोला ताई. बाबांचं काहीही सांगा.”

ती बोलत राहिली: आई गेल्यावर बाबांनी तिच्या वेण्या कशा घातल्या, भांग नेहमी कसा वाकडाच पडायचा, शाळेपर्यंत हात धरून ते कसे मोठमोठ्यानं गात जायचे. तो ऐकत होता. डोळ्यांतलं पाणी गालावरून खाली आलं, ते त्यानं पुसलं नाही.

उशिरानं ती उठली. दारात वळून, “येते दादा,” म्हणत ओलं हसली, तेव्हा कुठं त्याला दिसलं की तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली रुंद फट होती.