स्वतः पाहिलेली जागा

ज्या बेटावर मी आजवर पाऊल ठेवलेलं नाही, त्याचा कानाकोपरा मला ठाऊक आहे. काळ्या वाळूचा किनारा कुठला, ज्वालामुखीच्या तोंडापर्यंत नेणारी गाडी पहाटे किती वाजता सुटते, लाव्हा वाहून गेल्यावर मागे उरलेल्या भुयारात शिरताना हेल्मेट मिळतं की नाही, व्हॅनिलाच्या मळ्यात फोटो काढू देतात का, काहीही विचारा. इथे आखातात, अल खौदमधल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत नऊ वर्षं मी हे बेट विकतेय. माझा नवरा इव्हान म्हणतो, तुला वसईतले रस्तेसुद्धा एवढे ठाऊक नाहीत. खरं आहे त्याचं. आम्हा दोघांची मजल इथून दीड तासावरच्या निझवापर्यंत, आणि तिथूनही त्याला ऊन सोसेना म्हणून आम्ही दुपारीच परतलो.

बेटावर पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही एक छापील कागद देतो. पाच दिवस, रोज काय करायचं, सोबत काय न्यायचं. सगळ्यात खाली एक चौकट असते, 'आम्ही स्वतः पाहिलेली जागा'. ही चौकट आमच्या मॅनेजरची, मधु सरांची कल्पना. "ब्रेंडा, लोग ब्रोशर पे नहीं, आदमी पे भरोसा करते हैं," ते म्हणाले. मी म्हटलं, सर, पण मी गेलेच नाहीये. "तो क्या हुआ? इंटरनेट है ना!" मग मी एका खडकाचा फोटो शोधला. समुद्रात उतरून थिजलेला लाव्हा, काळा, सपाट. दहा मिनिटांत इंग्रजीत लिहून टाकलं: 'याच खडकाच्या टोकावर मी आणि माझे पती सूर्यास्ताला उभे होतो. लाट फुटते तेव्हा पायाखाली जमीन गुरगुरते. अजिबात चुकवू नका.' मधु सर खूश झाले. गिऱ्हाइकंही खूश होती. काही जण तर परत आल्यावर मला तिथले फोटो पाठवायचे.

साकिब आणि मेहविश लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात गेले. इथल्याच खाबुरा गावात राहणाऱ्या हसनभाईंचा हा मुलगा, मूळचे रत्नागिरीकडचे लोक. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या खडकाच्या टोकावरून साकिबला लाटेने नेलं. मेहविश चार पावलं मागे होती, हातात फोन धरून. देह सकाळी सापडला. तिकडे जाणारी विमानं आठवड्यातून दोनच, त्यामुळे आईबाप पोचू शकले नाहीत. तिथल्याच कब्रस्तानात त्याला दफन केलं.

बातमी आली तेव्हा मी डबा खात होते. भेंडी होती. ती संपवली. मग फाइल उघडून विम्याचा कागद जोडलाय का, ते पाहिलं. जोडलेला होता. मधु सरांनी केबिनचं दार लावून घेतलं आणि म्हणाले, "वो लाइन डिलीट करो. खलास." मी केली. त्यानंतर चाळीस दिवस मला काहीही वाटलं नाही, आणि हे मी फुशारकीने सांगत नाही. दात काढण्यापूर्वी इंजेक्शन दिलं की गाल आपला राहत नाही, तसं सगळं अंगच झालं होतं. एका शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगेत उभी राहिले आणि माझी पाळी यायच्या आत घरी निघून आले.

एकेचाळिसाव्या दिवशी साकिबची आई ऑफिसात आली. काळा बुरखा, हातात प्लॅस्टिकची पिशवी. रिसेप्शनवरच्या मुलीने मला हाक मारली, कारण बाईंना मराठीत बोलायचं होतं आणि मराठी कळणारी तिथे मी एकटीच.

"मी कुबरा. साकिबची अम्मी," त्या म्हणाल्या. "हसन बाहेर गाडीत बसलेत. ते आत नाय येनार. तूच ती ब्रेंडा मॅडम?"

"हो, आंटी. बसा ना. पाणी देऊ?"

"पानी नको."

मला वाटलं, आता ओरडतील. खरं तर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी पिशवीतून आमचा तो कागद काढून टेबलावर ठेवला. घड्या पडून तो मऊ झाला होता. मेहविशने जिथे जिथे जाऊन झालं तिथे निळ्या पेनाने बरोबरच्या खुणा केल्या होत्या. काळी वाळू, खूण. पहाटेचा ज्वालामुखी, खूण. मासळीबाजार, खूण. पुढचे तीन दिवस कोरे. खालच्या चौकटीत माझी ओळ जशीच्या तशी होती. कॉम्प्युटरमधून काढून टाकली म्हणून कागदावरून थोडीच जाते.

"झैनने वाचून दाखवलान मला," त्या म्हणाल्या. झैन म्हणजे त्यांचा धाकटा मुलगा. "तू नि तुजा घोव तिथे उभे होतात. हाय ना?"

केबिनच्या काचेतून मधु सर माझ्याकडे बघत होते.

"काय दिसतं गो तिथून?" कुबराआंटींनी विचारलं. "माज्या साकिबने शेवटचा काय बघितलान, तां मला सांग. मी जागा बघितली नाय, कबर बघितली नाय. तू बघितलेली हायस."

आणि मी सांगायला लागले. मला लाज वाटते, पण सांगायला लागले. सूर्य डाव्या हाताला बुडतो, पाणी आधी हिरवं असतं मग जांभळं होतं, वारा गार असतो, दूर कोळ्यांच्या होड्या दिसतात. नऊ वर्षांची सवय, शब्द आपोआप येत होते. कुबराआंटी डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "अल्ला," आणि त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. मी मनात म्हटलं, बघ, बरं वाटतंय ना त्यांना. मग बोलत राहा.

त्यांनी डोळे उघडले.

"म्हंजे जागा वाईट नाय," त्या म्हणाल्या. "तू टोकावर उभी राहिलीस नि परत आलीस. तुजा घोव परत आला. मग घरातले बोलतात तांच खरा."

"काय बोलतात, आंटी?"

"हिनेच त्याला पुढं जा, पुढं जा केलान. फोटोसाठी. मेहविशने. ती बोलते, मी नाय पुढं पाठवला, कागदात लिवलेला तिथेच तो उभा होता. हसन बोलतात, त्या मॅडमना कशी नेली नाय लाटेने?" त्यांनी बुरख्याच्या टोकाने नाक पुसलं. "घोव गेला म्हनून पोरगी इद्दतीत हाय, चार म्हयने घराभायेर पडायचा नाय. आतल्या खोलीत बसून असते. चाळीस दिवस झाले, एका घरात राहून मी तिच्याशी बोलले नाय. ताट दाराशी ठेवते. खाल्लान की नाय, इचारत नाय. इद्दत संपली की तिला म्हायेरी धाडनार, कायमची."

मग त्या टेबलावर पुढे झुकल्या.

"तू ख्रिस्ती हायस, तुजा पन देव हाय. मला येकच सांग. कागदात लिवलेल्या जागी उभा राहिलेल्या मानसाला लाट नेते काय? तू उभी होतीस म्हनून इचारते. नेत नसेल, तर पोरगी खोटी."

मधु सर आता केबिनच्या दारात उभे होते. त्यांना मराठी येत नाही, पण माझा चेहरा त्यांना वाचता येतो. त्यांनी हळूच मान हलवली, नको. नोकरी गेली की व्हिसा जातो, हे त्यांनी मला वेगळं सांगायची गरज नव्हती. मला भीतीसुद्धा वाटली नाही. मी फक्त एवढाच विचार करत होते की त्या मुलीच्या दाराशी आज दुपारीही ताट ठेवलं जाईल.

"मला ठाऊक नाही, आंटी," मी म्हणाले. "मी तिथे कधी गेलेच नाही."

"कुठे?"

"त्या खडकावर. त्या बेटावर."

त्यांनी चौकटीवर बोट ठेवलं. "नि हा?"

"हे मी याच खुर्चीत बसून लिहिलं. मनाने."

"नि आता सूर्य सांगितलास, होड्या सांगितल्यास?"

"तेही मनाने. टोकावर उभं राहा, हे मी लिहिलं होतं, आंटी. मेहविशचं त्यात काही नाही. ती खरं बोलतेय."

त्यांनी शिवी दिली नाही. शेजारच्या टेबलावर कोणीतरी सलालाच्या विमानाचं बुकिंग करत होतं, खिडकीची सीट मागत होतं. कुबराआंटींनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि माझंच पेन उचलून माझ्या हातात दिलं.

"लिव. इंग्रजीत लिव, झैन हसनना वाचून दाखवेल."

चौकटीखाली मी लिहिलं की मी या जागी कधीही गेलेले नाही, वरची ओळ खोटी आहे, ती मी लिहिली. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच आलं, सुबक. मधु सर "ब्रेंडा, क्या कर रही हो?" म्हणाले. मी तारीखही घातली.

कुबराआंटींनी कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि तिथेच बसून फोन लावला. बराच वेळ रिंग वाजत राहिली. मला वाटलं, कोणी उचलणार नाही.

"मेहविश," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "मेहविश, जेवलीस काय गो?"

पलीकडून हुंदका आला, तो टेबलाच्या या बाजूला मलाही ऐकू आला. कुबराआंटी फोन कानाला लावून तशाच उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. "रडू नको. मी येते. मी येते हां," म्हणत होत्या.

दारापाशी त्या वळल्या. फोन कानावरून थोडा बाजूला केला.

"तुजा घोव," त्यांनी विचारलं, "तो तरी खरा हाय, की तो पन लिवलास?"

"खरा आहे, आंटी."

"संध्याकाळी घरी येतो?"

"येतो."

त्यांनी मान डोलावली आणि त्या गेल्या. बाहेर हसनभाईंची गाडी सुरूच होती. मी पेनाला टोपण लावायला गेले तर ते लागेना. इंजेक्शन उतरल्यावर गाल ठणकायला लागतो, तसं सगळं अंग ठणकायला लागलं होतं.