बारीक टाक्यांचं टोक

फोन आला तेव्हा बिरप्पानं दोन गुडघ्यांत मेंढी धरली होती आणि तिची एक बाजू कातरून झाली होती. सोलापूरच्या दवाखान्यातून बाई बोलत होती. मायाक्काचे कोण तुम्ही, असं तिनं विचारलं. नवरा, त्यानं सांगितलं. पुढचं ऐकून त्यानं फोन खिशात ठेवला आणि मेंढीची दुसरी बाजू कातरायला घेतली. ती पुरी झाल्यावरच तो उठला.

मंगळवार होता. दर मंगळवारी मायाक्का मंगळवेढ्याहून एसटीनं सोलापूरच्या बाजारात घोंगडी विकायला जायची. दवाखान्यातल्या कारकुनानं कागद वाचून दाखवला. छातीत कळ आली, रिक्षातून आणलं, वाचवता आलं नाही, आणणाऱ्याचं नाव राजाबाई. पुढं गल्लीचं नाव वाचताना तो थांबला आणि त्यानं मान वर करून बिरप्पाकडं पाहिलं.

कसल्या बायकांची गल्ली ते बिरप्पाला सांगायची गरज नव्हती. बाजार पलीकडच्या रस्त्याला होता. मग मायाक्का तिथं कुणाकडं होती?

दीड महिना तो हेच धरून बसला. विणायचं काम त्याचं, काठ शिवायचं तिचं. मागावरून उतरलेलं घोंगडं ती तसंच बाजारात न्यायची, गिऱ्हाइकाची वाट बघत शिवायची, विकलं नाही तर परत आणायची. त्याच्या खांद्यावरचं घोंगडंही तिनं असंच शिवून आणलेलं. एका टोकाचे टाके नेहमी बारीक, सारखे. दुसऱ्याचे मोठे, वेडेवाकडे.

"हे टोक झ्याक शिवलंस," तो दर वेळी बारीक टोक धरून म्हणायचा.

"दुसऱ्याला घाई हुती," ती म्हणायची आणि हसायची. ती गेल्यापासून तो ते बारीक टोक गालाशी घेऊन झोपत होता.

एकट्यानं त्या गल्लीत जायची त्याची छाती नव्हती. सोलापुरात राहणारा भाचा आशिष म्हणाला, "मामा, आता रविवारी सकाळी लोकांना ती गल्ली दाखवायला नेतात. बायका-माणसं सगळे असतात. तुमचं नाव घालू?"

वीसेक जण होते. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, मोबाईल. ऋतुजा नावाची कॉलेजातली मास्तरीण पुढं चालत माहिती देत होती. गिरण्या चालू होत्या तेव्हा या माड्यांवर गाणं चालायचं, मग गाणं गेलं आणि नुसता धंदा राहिला. आता थोडीच घरं उरली आहेत. विचारल्याशिवाय फोटो काढू नका, असं तिनं दोनदा सांगितलं. तरी एकानं काढलाच. बिरप्पा दारं बघत होता.

"शेवटी राजाबाई आपल्याशी बोलतील," ऋतुजा म्हणाली.

ओट्यावर जाड चष्म्याची एक म्हातारी बसली होती.

"विचारा काय विचारायचं ते. लाजू नका. मी लाजत न्हाय."

लोक हसले. एका बाईनं विचारलं, "बाहेरच्या कुणाशी मैत्री होती का तुमची?"

"एक हुती. मंगळवारची. घोंगडी विकायची. बाजारात बाईमाणसानं मोरीला जावं कुटं? पंधरा वर्सांमागं माझ्या दारात येऊन म्हणाली, 'बाई, मोरी हाय का?' तवापासनं दर मंगळवारी हितंच. जेवायची, आडवी व्हायची, गाणं म्हणायची. नवऱ्याची नक्कल तर अशी करायची की बास!"

सगळे पुन्हा हसले.

एकतीस वर्षांत मायाक्कानं घरात कधी गाणं म्हटलं नव्हतं. या बाईला पंधरा वर्षांचे मंगळवार मिळाले होते. शेवटचाही. तिच्या जागी पुरुष असता तर काय करायचं ते बिरप्पाला कळलं असतं.

लोक कोपऱ्यावर चहाला गेले. तो उभाच राहिला.

"तुमी जात न्हाय म्होरं?"

राजाबाईनं त्याच्या खांद्यावरून लोंबणारं टोक हातात घेतलं आणि टाक्यांवरून अंगठा फिरवला.

"बिरप्पा का?"

"व्हय."

ती ओट्यावर सरकली. तो बसला नाही. काहीतरी आपल्याकडचं, हिला माहीत नसलेलं, त्याला सांगायचं होतं.

"हे टोक तिनं लई झ्याक शिवलंय," तो म्हणाला.

राजाबाईनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"हे माझं हाय," ती म्हणाली. "तिचं ते दुसरं. दोघी दोन टोकं धरून बसायचो. तुमी कुठलं वाखाणलं ते ती पुढच्या मंगळवारी येऊन सांगायची. लई हसायचो आमी."

त्यानं टोक तिच्या हातातून ओढून घेतलं. मग पाठीमागचं टोक पुढं घेतलं. टाके मोठे होते. एका जागी दोरा तुटून तिनं ठसठशीत गाठ मारलेली होती. ती गाठ त्यानं आज पहिल्यांदा पाहिली.

"घरी एक मागावरनं उतरलेलं आसंल की," राजाबाई म्हणाली. "पुढच्या खेपंला आणते म्हणली हुती."

"हाय."

"आणा. माझं टोक मी करते. नजर कमी झालीय, पण करते."

"आन दुसरं?"

राजाबाईनं त्या गाठीवर बोट ठेवलं.

"काका, चहा गार होतोय," कोपऱ्यावरून ऋतुजानं हाक मारली.

त्यानंतर सात मंगळवार झाले. घोंगडं घडी करून मागाजवळ ठेवलेलं आहे. दोन्ही टोकं शिवायची राहिली आहेत.