आपली माणसं शेवटी

पतसंस्थेत आमच्या दादाला सगळे 'कुलूप' म्हणायचे. मॅनेजर असून पेन घरून न्यायचा, संस्थेच्या फोनवरून वहिनीला कधी फोन लावायचा नाही. मी चिडवायची, "दादा, तिथलं पाणी तरी पितोस का रे?" तो हसायचा.

मग संस्था बुडायला आली. संचालकांनी दादाला न जुमानता आपल्याच भाच्या-पुतण्यांना कर्जं वाटली होती आणि फेडायचं नाव कोणी घेईना. ठेवी अडकल्या. चोर ठरला तो रोज लोकांसमोर बसणारा दादा. एका म्हातारीने तर भर गर्दीत त्याची कॉलर धरली. शेवटी संचालकांना घालवून प्रशासक नेमला गेला. मोठ्या बँकेत विलीनीकरण होईपर्यंत वसुली होईल तसे पैसे द्यायचे, आणि आधी आजारी माणसांना, असं त्याने ठरवलं. त्यांचे नंबर लावायचं काम दादाकडे आलं.

आमची सगळी पुंजी तिथेच होती. यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, माझं शिवणकाम; पोटाला चिमटा काढून साठवलेलं. आणि यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. जिना चढताना भिंत धरायचे. ऑपरेशन लांबवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

एका संध्याकाळी दादा आला. आत न येता दारातच उभा राहिला.

"तुमचा अर्ज मी सगळ्यांच्या शेवटी ठेवलाय."

"शेवटी? का रे?"

"आजवर सोयऱ्याधायऱ्यांनीच खाल्लं, तायडे. आता मीही दाजींना पुढे घेतलं तर लोक काय म्हणतील?"

"पुढे घे असं कोण म्हणतंय? जिथे नंबर येतो तिथे ठेव."

तो खाली बघत म्हणाला, "नंबर दुसरा येतो. म्हणून तर."

मी तोंडाला येईल ते बोलले. हे आतून म्हणाले, "अगं, नको त्याला पेचात टाकू. चार लोकांत त्याला वावरायचंय. थांबू आपण थोडं."

दादाने स्वतःची शिल्लक आणून दिली, वहिनीने बांगड्या काढून दिल्या. तरी ऑपरेशनला पुरेना. यांच्या आधी गुडघा बदलायचा म्हणून एका मास्तरांना पैसे मिळाले. नंबर वर सरकत होता, आणि हे रोज थोडे थोडे कमी बोलत होते. एका दुपारी दुकानात चाकाला हवा भरता भरता खाली बसले, ते उठलेच नाहीत. अंत्यविधीला मास्तर चालत आले. मला त्यांचं चालणं बघवेना. त्या बिचाऱ्यांचा काय दोष, पण नाही बघवलं.

काही महिन्यांनी विलीनीकरण झालं. सभासदांची सभा भरली, हॉल खच्चून भरला होता. सगळ्यांच्या ठेवी सुखरूप आहेत, असं प्रशासकाने जाहीर केलं आणि स्टेजवरच्या दादाकडे हात केला. "हे सगळं या माणसामुळे झालं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यालाही यांनी पुढे घेतलं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. कॉलर धरणारी म्हातारीही उभी राहून टाळ्या वाजवत होती. माझे हात मांडीवरून हलेनात. दादाला ते दिसलं. तो स्टेजवरून उतरून माझ्यापाशी आला.

"तायडे, तुझे पैसे मिळतील. पै न् पै."

"ते म्हणाले, पुढे घेतलं नाही," मी म्हटलं. "मागे ढकललंस, ते कुठे म्हणाले?"

त्याचा चेहरा पडला. मला त्याचा राग आला होता आणि त्याची दयाही येत होती, एकाच वेळी.

"सांगू त्यांना?" त्याने विचारलं.

तो वळला आणि पुन्हा स्टेजकडे चालू लागला. त्याने माईक हातात घेतला, घसा खाकरला. तो काही बोलणार एवढ्यात लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली.