सांगून ठेवते

श्यामला दारातूनच म्हणाली, “अहो, गाडी काढा. धर्मादादांकडे जायचंय.”

ती दिवसपाळी करून आली होती. एरवी घरात पाऊल टाकायच्या आधी चहा टाकायला सांगायची. त्या दिवशी ती आत आलीच नाही. मी विचारलं, कोणी गेलं का? ती म्हणाली, कोणी गेलं नाही, काही झालंही नाही, तेच सांगायला जायचंय.

माझी बायको अणुवीज केंद्रात इंजिनिअर होती. मी त्याच केंद्राच्या वसाहतीत कामगारांच्या बस दुरुस्त करायचो. तिच्या कामातलं मला फारसं कळत नसे. त्या दिवशीचं कळलं, कारण गोष्ट डिझेल इंजिनाची होती. बाहेरून येणारी वीज कधी गेलीच, तर अणुभट्टी थंड ठेवणारे पंप बंद पडू नयेत म्हणून केंद्रात मोठे डिझेल जनरेटर उभे असतात. बहुतेक वेळ ते नुसते तयार राहतात. त्यातल्या एकाचा फिल्टर बदलला आणि नंतर त्याचा इंधनाचा कॉक बंदच राहिला. वेळ आली असती तर तो सुरू झाला नसता. पण वेळ आली नाही, आणि बाकीचे जनरेटर तयार होते. काही दिवसांनी फेरी मारताना श्यामलालाच ते दिसलं. तिने कंट्रोल रूमला कळवलं आणि कॉक उघडून घेतला.

मी म्हणालो, “उघडला ना? मग झालं.”

“झालं नाही. मंडळाला कळवायला हवं. उद्यापर्यंत.”

देशातल्या सगळ्या अणुकेंद्रांवर नजर ठेवणारं मंडळ मुंबईत बसतं. काही चुकलं, अगदी काही बिघडलं नसलं तरी, त्यांना कळवायचं असतं. तिचे वरिष्ठ सलिलसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं इतकंच, की कळवण्याइतकं हे मोठं आहे का ते बसून ठरवू, महिना उलटू दे. तिच्याबरोबर काम करणारे धर्मादादा महिनाअखेरीला निवृत्त होणार होते, आणि तो कॉक उघडायचं काम त्यांचं होतं. साहेबांना त्यांचा निरोप नीट व्हायला हवा होता. शिवाय पुढच्या आठवड्यात श्यामलाची बढतीची मुलाखत होती, याचीही साहेबांनी तिला आठवण करून दिली.

खरी गोम त्याच्या पुढे होती. एकाने कॉक उघडला की दुसऱ्याने स्वतः जाऊन, कॉकच्या चाकाला हात लावून बघायचं, असा तिथला नियम. तो दुसरा माणूस म्हणजे श्यामला. ती गेली नव्हती. वाटेत भेटल्यावर तिने विचारलं, दादा, उघडलात ना? ते व्हय म्हणाले. तिने सही केली. ती त्यांना दर भाऊबीजेला ओवाळायची. थोरल्या भावाने व्हय म्हटल्यावर त्याच्या मागून जाऊन बघायचं म्हणजे त्याला खोटं पाडायचं. आपल्याकडे असं कोण करतं?

खाडीच्या पुलावर आलो तेव्हा उजेड होता. डावीकडे केंद्राचे घुमट दिसत होते. घरच्यांना केंद्र दाखवायचा एक दिवस असतो, त्यात मी एकदा आत गेलो होतो. जळून झालेलं इंधन ठेवतात ती खोल टाकी त्यांनी आम्हाला काचेतून दाखवली. पाणी इतकं स्वच्छ, की आहे असं वाटत नव्हतं. आणि तळाशी निळा उजेड. दिव्याचा नाही, आगीचा नाही. आवाज नाही, धूर नाही. माझे हात आपोआप जोडले गेले. श्यामला शेजारी होती. ती हळूच म्हणाली, “हात खाली घ्या. त्याला नमस्कार नको असतो, लक्ष हवं असतं.”

पुलावर मी तिला म्हणालो, नाही सांगितलंस तर कोणाचं काय जाणार आहे? खाली कोणीच नव्हतं ना?

खाली कोणी नव्हतं, हे शब्द मी तिच्याच बोलण्यातले घेतले होते. तिचं माहेर श्रीवर्धनचं, सुपारीच्या वाडीतलं. त्यांच्या वाडीत रीत होती. वर चढलेल्या माणसाच्या हातून घड सुटला की त्याने ओरडायचं, “गेली!” वाडीत जो असेल त्याने जिथे असेल तिथून म्हणायचं, “ऐकलं!” तोवर वरचा माणूस कोयता चालवायचा नाही. लहानपणी तिने काळूराम नावाच्या गड्याला विचारलं होतं, खाली कोणी नसलं तरी का ओरडता? तो म्हणाला होता, “खाली कोन न्हाय, ते वरनं कसं दिसंल, बाय?”

हे मला शंभरदा सांगून झालं होतं. त्या दिवशी तिने नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

धर्मादादांच्या अंगणात मांडवाचे बांबू येऊन पडले होते. निवृत्तीचं गावजेवण होतं. त्यांची बायको जनीवहिनी सुपात तांदूळ घेऊन बसली होती. आम्हाला बघून म्हणाली, “बरं झालं आयलीस गो. मांडवाचं तोंड कनीकडं करू, तू सांग.”

श्यामला बसली नाही. उभ्यानेच तिने सगळं सांगितलं. धर्मादादा ऐकत राहिले. मधेच ते आपल्या उजव्या हाताकडे बघायला लागले.

जनीवहिनीने सूप खाली ठेवलं. “ज्या हातानं ओवाळतंस, त्याच हातानं लिवतंस?”

“तू गप रव,” धर्मादादा म्हणाले. मला वाटलं, आता नातं तुटलं.

“हात लावला व्हता मी,” ते म्हणाले. “फिरवला का नाय, ते मनाच आठवत नाय. पन तू बगायला का नाय आयलीस गो?”

“तुम्ही व्हय म्हणालात म्हणून.”

“मंग ती तुजी चूक.”

“तेच आधी लिहिलंय, दादा.”

ते तिच्याकडे बघत राहिले. “आनि माजं नाव?”

“नावं नसतात त्यात. तंत्रज्ञ असं लिहितात.”

“तंत्रज्ञ?” ते जनीवहिनीकडे वळले. “ऐकलंस का? जनम गेला, सगली ‘ए धर्मा’ बोलली. जाता जाता तंत्रज्ञ झालू.”

जनीवहिनी हसली नाही. पण उठून चहा टाकायला गेली.

श्यामलाने दुसऱ्या दिवशी सकाळी सलिलसाहेबांना सांगितलं, कळवणं आपलं काम आहे, मोठं की लहान ते मंडळ ठरवेल. साहेबांनी अहवाल वाचला, दोन ओळी नीट केल्या आणि पाठवला. मंडळाकडून क्षिप्रा नावाच्या एक बाई आल्या. त्या कोणावर ओरडल्या नाहीत. त्यांनी धर्मादादांना जनरेटरजवळ नेऊन विचारलं, बंद आणि उघडं हे इथे उभं राहून कळतं का? दादा म्हणाले, अंधारात नाय कलत. तिथे दिवा लागला. नियमही बदलला. दुसऱ्याने पहिल्याला विचारायचंच नाही, एकट्याने जायचं. तो कागद देशातल्या सगळ्या केंद्रांना गेला. त्याने पुढे कुठे काय टळलं ते कोणाला कळणार नाही. न घडलेलं दिसत नाही.

केंद्रातला निरोप समारंभ चौकशीत राहून गेला. गावच्या मांडवात मात्र सलिलसाहेब आले, पंगतीला बसले. श्यामलाची बढती झाली नाही, पुढेही नाही. उलट केंद्रात एक चिडवणं सुरू झालं. कोणी न बघता सही करायला लागला की बाकीचे म्हणायचे, “दादा, उघडलात ना?” ती समोर असली तरी म्हणायचे. सुरुवातीला घरी येऊन ती रडली. पुढे नवी पोरं आली. हा दादा कोण, हे त्यांना माहीत नव्हतं, पण ती पोरंही तेच म्हणायची आणि बघायला जायची. श्यामला मला म्हणाली, “बघा, मी निवृत्त झाले तरी माझी चूक कामावर आहे.”

मला आजही नवल वाटतं ते याचं. एवढी अफाट शक्ती, तिच्याभोवती एवढ्या जाड भिंती, आणि शेवटी सगळं टेकलेलं कशावर, तर एका बाईच्या ‘मी गेले नव्हते’ या तीन शब्दांवर.

निवृत्तीनंतर आम्ही तिच्या वाडीत राहायला आलो. गेल्या वर्षी एका दुपारी तिच्या छातीत कळ आली. म्हसळ्याच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत, तिने माझा हात ओढला. मी तोंडाजवळ कान नेला.

“विहिरीच्या पंपाचा कॉक उघडाच राहिलाय,” ती म्हणाली. “सांगून ठेवते.”

त्यानंतर ती बोलली नाही.

यंदा भाऊबीजेला धर्मादादा आले. ओवाळणारी नाही, तरी आले. ओटीवर बसले, पाणी प्यायले. तिचं शेवटचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, “भावोजी, पंपाचा कॉक बंद केलाव?”

“केला.”

ते उठले. काठी टेकत विहिरीपर्यंत गेले, चाकावर हात ठेवून बघितलं आणि तसेच परत येऊन बसले. मला राग आला नाही.

मागे सुपारी उतरवणं चालू होतं. आमचा गडी विनेश एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर गेला. पानांत दिसेनासा झाला. मग काहीतरी सुटल्याचा आवाज आला.

“गेली!”

ती स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. मी कधी दिलं नव्हतं. वर कोयता थांबला. धर्मादादा माझ्याकडे बघत होते. विनेश पुन्हा ओरडला नाही, वाट बघत राहिला.

मी उठून ओटीच्या कडेला आलो.

“ऐकलं,” मी म्हणालो.

आवाज पोचला नसावा. मी पुन्हा म्हणालो, मोठ्याने. तेव्हा वर कोयता चालू झाला.