टाकीवरची लाल पाटी

मुलांना जबाबदारी शिकवायची तर त्यांच्या हातून बाग करून घ्यावी, असं वायरमनच्या मनाने घेतलं. त्याच्या मनाने एकदा काही घेतलं की घरात बाकी कुणाला मन ठेवायची सोय नसे. घरामागच्या रिकाम्या जागेत त्याने दोन वाफे पाडले. थोरलीला टोमॅटो, मधल्याला घेवडा, आणि शेंडेफळ ठकीला, ती जेमतेम तीन वर्षांची म्हणून, एक सूर्यफुलाची कुंडी. बायकोला आधी बरंच वाटलं. मुलं उन्हात खेळतील, हात मातीत घालतील, भाजी आली तर आली. तिला काय माहीत, नवरा बागेतसुद्धा कारखाना घेऊन येणार आहे.

कारखान्यात यंत्र दुरुस्तीला काढलं की वायरमन आधी वीज बंद करायचा, बटणावर स्वतःच्या नावाची पत्र्याची पाटी अडकवायचा आणि मगच यंत्राच्या पोटात शिरायचा. ती पाटी त्याच्याशिवाय कुणी काढायची नाही, मग साहेब असो की साहेबाचा बाप. हा नियम त्याच्या हाडात भिनला होता आणि त्याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी एका भल्या माणसाने, काम झालेलं दिसतंय, चला तेवढीच मदत, म्हणून दुसऱ्याची पाटी काढून बटण दाबलं होतं. वायरमनचा जोडीदार तेव्हा आत होता. त्या दिवसापासून मदत हा शब्द ऐकला तरी वायरमनच्या कपाळावर आठी पडायची.

तर रंगाच्या डब्यांची झाकणं कापून त्याने घरच्यांसाठी पाट्या केल्या. थोरलीची निळी, मधल्याची पिवळी, बायकोची हिरवी, स्वतःची पांढरी. ज्याचं काम अर्धं आहे त्याने तिथे आपली पाटी अडकवायची. काम पुरं झालं की ज्याची त्याने काढायची. पाटी असेपर्यंत त्या कामाला दुसऱ्याने हात लावायचा नाही आणि काम अर्धं सोडून हाकेला ओ द्यायची नाही. मुलांना हे फारच आवडलं. मुलांना नियम आवडत नाहीत असं म्हणतात ते खोटं आहे. दुसऱ्याला लावता येणारे नियम त्यांना फार आवडतात.

बायकोने एकदाच चूक केली. मधला कुदळ वाफ्यात टाकून तसाच शाळेत गेला होता, वर आभाळ भरून आलेलं. तिने कुदळ उचलून पडवीत ठेवली. संध्याकाळी वायरमन आला, त्याने ती कुदळ नेऊन पुन्हा चिखलात होती तिथे ठेवली आणि मुलांसमोर तिला म्हणाला, "तू त्याची कुदळ नाही उचललीस, त्याची अक्कल उचलून ठेवलीस. आता ती त्याला कधी सापडणार?" मुलं खुदखुदली. तो घाव तिच्या मनात राहिला. पुढे वाफे हिरवे झाले, टोमॅटो लगडले, शेजारीपाजारी येऊन तोंडभर कौतुक करून गेले, आणि तीही हळूहळू म्हणायला लागली, की आमच्या ह्यांची शिस्तच तशी.

सुट्टीचा दिवस होता. सकाळपासून ठकीने घर डोक्यावर घेतलं होतं, कारण सगळ्यांना पाटी आणि तिलाच नाही. शेवटी वायरमन विरघळला. त्याने एक झाकण कापलं, कडा घासून बोथट केल्या, लाल रंग लावला आणि दोरीत ओवून तिच्या गळ्यात घातलं. "आता तू मोठी झालीस. तुझं काम तू करायचं," असं त्याने सांगितलं. ठकीने इतक्या गंभीरपणे मान हलवली की थोरलीला हसू आवरेना. जेवणानंतर ती पाटी गळ्यात तशीच ठेवून झोपली.

दुपार कलली तेव्हा बायको वाळलेले कपडे काढायला मागच्या दारी आली आणि तिचं लक्ष टाकीकडे गेलं. बागेच्या पाण्यासाठी वायरमनने जमिनीत टाकी बांधून घेतली होती, पुरुषाच्या छातीएवढ्या पाण्याची. तिचा काठ जमिनीपासून वीतभरच वर होता. तोंडावर लोखंडी झाकण. आत्ता ते झाकण बाजूला उभं होतं, टाकी सताड उघडी होती, आणि शेजारच्या खांबावरच्या खिळ्याला पिवळी पाटी लोंबत होती. तो खिळा मुलांच्या हाताला यावा म्हणून मुद्दाम खाली ठोकलेला. जवळच बादली होती आणि बादलीला तुटलेल्या दोरीचं टोक. मधल्याचा पत्ता नव्हता.

तिचा हात झाकणाकडे गेला.

"आई, पाटी आहे," थोरली टोमॅटोच्या वाफ्यातून म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"कुठे गेलाय तो?"

"दोरी आणायला. कधीचा गेलाय. खेळत बसला असणार."

बायकोने खिडकीकडे बघितलं. वायरमन आत खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. त्याने बघितलंच होतं, आधीपासून. "अहो, झाकण लावून घेते," ती म्हणाली.

"नको. येऊ दे त्याला. किती वेळ उघडी ठेवतो ते मला बघायचंय."

"ठकी घरात आहे."

"झोपलीय ती. आणि मी बसलोय ना इथे."

तो बसला होता हे खरं होतं. ठकी झोपली होती हेही खरं होतं. तरी तिचं मन घेईना. ती कपडे हातात घेऊन तिथे उभी राहिली. झाकण लावायला असा काय वेळ लागला असता. पण पुन्हा मुलांसमोर बोलणी खायची, पुन्हा ते खुदखुदणं, या विचाराने तिने हात आखडता घेतला. टाकीतलं पाणी काळं दिसत होतं आणि अजिबात हलत नव्हतं. ती आत गेली, पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर बसली आणि गिऱ्हाइकाचा सैल झगा आत घ्यायला लागली. यंत्राच्या खडखडाटात तिला स्वतःच्या मनातलंही ऐकू येईनासं झालं. तेच तिला हवं होतं.

दोरा संपला म्हणून ती थांबली. घरात कुणाचा आवाज नव्हता. तिने आतल्या खोलीत डोकावलं. वायरमनची मान खुर्चीतच एका बाजूला कलली होती, तोंड उघडं, बारीक घोरणं. पलंगावर ठकीची चादर होती. ठकी नव्हती.

ती मागच्या दाराने धावली. थोरली वाफ्यात नव्हती, तिची निळी पाटी फक्त काठीला लावलेली होती. टाकी अजून तशीच उघडी. खिळ्यावर आता दोन पाट्या होत्या, पिवळी आणि तिच्यावर लाल.

तिने काठावर गुडघे टेकून आत बघितलं. पाण्यावर ठकीची छोटी झारी तरंगत होती, आडवी पडलेली. बाकी काही दिसत नव्हतं. नवऱ्याला तिने काय म्हणून हाक मारली ते तिला पुढे कधी आठवलं नाही, पण ती हाक ऐकून तो अनवाणी बाहेर आला आणि त्या दोन पाट्या बघून काही न विचारता पाण्यात उतरला.

टाकी मोठी होती आणि आत अंधार. तो पायाने चाचपडत होता, मग खाली बुडून हाताने. वर यायचा, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. एकदा वर आला तेव्हा त्याच्या हातात काही होतं आणि ती काठावरून पुढे वाकली. ती तुटलेली दोरी निघाली. थोरली कुठूनशी पळत आली होती आणि दाराला टेकून उभी होती. "मी बघितलं होतं ग तिला, झारी घेऊन येताना," ती म्हणाली. "मला वाटलं, तिचं काम आहे."

आईने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय केलं असतं, कुणास ठाऊक. ती फक्त पाण्याकडे बघत होती आणि मनातल्या मनात ते झाकण लावत होती, पुन्हा पुन्हा, आता शंभरदा लावून झालं होतं.

मग घरातून काहीतरी घासत येत असल्याचा आवाज आला. थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर तो अडला, आणि ठकी उलट्या पावलांनी बाहेर आली. दोन्ही हातांनी ती न्हाणीघरातलं स्टूल ओढत होती. घरात हात कुठे पोचला नाही की ती ते स्टूल घ्यायची, तसंच तिला शिकवलेलं. तिचे हात ओले होते. घरात शिरलं की आधी मातीचे हात धुवायचे, हाही वायरमनचाच नियम, आणि न्हाणीघराचा नळ मोठा सोडून तिने ते इतक्या मन लावून धुतले होते की आईची हाक तिच्यापर्यंत पोचली नव्हती. पोचली असती तरी काम अर्धं होतं.

कुणालाच हलता आलं नाही. ठकी स्टूल ओढत थेट टाकीपाशी आली आणि काठाशी लावून त्यावर चढायला लागली. तेव्हा आईने तिला धरलं.

ठकीने वाकून खाली बघितलं. काळ्या पाण्यात छातीपर्यंत बुडालेला बाप वर तोंड करून तिच्याकडे बघत होता.

"बाबा," ती रागाने म्हणाली, "तिथे माझी पाटी आहे. तुम्ही का गेलात?"

वायरमनने पाण्यावरची झारी उचलून काठावर ठेवली आणि काठ दोन्ही हातांनी धरून तो तिथेच पाण्यात उभा राहिला.

मधला नवी दोरी खांद्यावर टाकून शीळ घालत आला आणि दारातच थबकला. आपली पाटी काढायला पुढे व्हावं की नाही, ते त्याला कळेना. आईने ठकीला काखेत घेतलं आणि मोकळ्या हाताने खिळ्यावरच्या दोन्ही पाट्या ओढून काढल्या. मग नवऱ्याला म्हणाली, "बाहेर या. मला झाकण लावायचंय."

तो बाहेर आला. तिने झाकण लावलं, एकटीने. त्याने हात पुढे केला होता, पण तिने तो बाजूला केला.

ठकीने भोकाड पसरलं. तिची पाटी दुसऱ्याने काढली होती आणि तिचं काम अर्धंच राहिलं होतं. ती हातपाय झाडत होती, आईच्या खांद्यावर मुठी मारत होती, दोन गल्ल्यांपलीकडे ऐकू जाईल असं रडत होती. आई झाकणावर बसून राहिली. तिने ठकीला गप्प केलं नाही.