अर्धा किलो ओलावा

कातडी कोरडी पडली की 'तेल चोपड, होईल बरं' एवढं सांगून मोकळे होता. त्या सल्ल्याने किती हातांचं वाटोळं केलंत, याचा कधी विचार तरी केलात का?

मी बोलतोय, ऑकलंडमधला एक क्रीमचा डबा. अर्धा किलोचा, पांढरा, बिनवासाचा. माझ्यावर ना गुलाबाचं चित्र, ना हसऱ्या नटीचं. पाणी, मेण आणि तेल एकजीव घुसळून मला घडवलं, एवढंच माझं कूळ.

ऑकलंडच्याच सँडरिंगहॅम भागातल्या फार्मसीत फार्मासिस्ट चंद्रहासने मला कांचनच्या हाती दिलं. तो सोलापूरचा, ती पुण्याची. हॉस्पिटलात नर्स, दिवसातून पन्नास वेळा हात धुणारी.

"ताई, कंजुषी न करता लावा हं."

तिने मान डोलावली, आणि घरी येऊन मला सरळ प्रवासाच्या बॅगेत ठेवलं.

डिसेंबरात पुण्याला जायचं होतं ना! इथल्या आपल्या मराठी घरांत ती बॅग जूनपासूनच कोपऱ्यात उघडी पडलेली असते, आणि सीलबंद दिसेल ते तिच्यात जातं. चॉकलेटं आणि बदामांच्या मध्ये मी तीन आठवडे पडून होतो. तिच्या नणंदेसाठी.

बाहेर कडक हिवाळा, इथे तो जून-जुलैत येतो. घर उबदार ठेवणारा हीट पंप दिवसभर घरातली हवा सुकवत होता. ड्यूटीवरून आली की कांचन कढत पाण्याखाली वीस-वीस मिनिटं उभी राहायची, डाळीच्या पिठाने हात घासायची आणि ते खडखडीत वाळले की खोबरेल लावायची. पेशंटना शिकवणारी बाई ही! माझा नुसता चडफडाट व्हायचा. अहो, तेल पाणी आणत नाही. कातडीत असलेलं पाणी धरून ठेवतं. ते उडून गेल्यावर काय धरणार?

शेवटी बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या, रक्त आलं. वॉर्ड सांभाळणाऱ्या चार्ज नर्स शॅरनने तिला पेशंटपासून दूर केलं. दोन आठवडे फक्त कॉम्प्युटरसमोर बसायचं. तोवर भेगा भरल्या नाहीत तर वॉर्ड सुटणार. चार वर्षं परीक्षा आणि अर्ज करून मिळवलेला वॉर्ड.

त्या संध्याकाळी तिने चंद्रहासला स्पीकरवर फोन लावला. बोटांत फोन धरवत नव्हता.

"याहून स्ट्राँग काही आहे का रे?"

"तो डबा संपला?"

"तो... बॅगेत आहे. वन्संना न्यायला."

"वन्संचे हात फुटलेत?"

"नाही."

"मग? ताई, तुम्ही नर्स आहात की कुरिअर?"

तिचा नवरा इंद्रनील खो खो हसला. कांचनही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

माझं सील सात वर्षांच्या इराने काढलं. "आई, गिव्ह मी युअर हँड." कांचनला मुगाएवढंच पुरे होतं, इराने चमचाभर थापलं. मुलांना जपून वापरणं ठाऊक नसतं, किती बरं आहे ते!

मग रीत बदलली. डॉक्टरांनी भेगांसाठी मलम दिलं. पाणी कोमट, आंघोळ पाच मिनिटांची, डाळीचं पीठ पुन्हा भज्यांकडे. हात टिपायचे, घासायचे नाहीत, आणि ओलसर असतानाच मला लावायचं. भांडी इंद्रनीलकडे. मला लावून लगेच कणीक मळायला हात धुण्याची तिची खोड मात्र आठवडाभर गेली नाही. "पोळ्या उद्या!" असं इंद्रनीलने दटावलं, तेव्हा कुठे थांबली.

आता मी तळाशी आलोय. चमचा खरवडतो तेव्हा आवाज होतो. वाईट वाटत नाही. कितीतरी भाऊबंद भेट म्हणून दूरदेशी जातात आणि कपाटातच मुदत संपून जातात. मला मात्र कांचनने संपवलं, तिचे उपकार मानतो. तुमच्याही घरी असा एखादा डबा असेल. त्याला उघडा, आजच.

तर, ते दोन आठवडे संपले त्या दिवशीची गोष्ट. कोणतं क्रीम लावते ते दाखवायला कांचन मला वॉर्डवर घेऊन गेली. शॅरनने तिचे हात दिव्याखाली धरले, उलटेपालटे केले, एकेक पेर दाबून पाहिलं. 

"स्वीट ॲज," शॅरन म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत 'एकदम झकास'. "चल, सात नंबरच्या बेडवरचे आजोबा सकाळपासून आंघोळीसाठी ओरडताहेत."